ऊन दाखवल्याशिवाय

१

थंडगार पडलेल्या डनार्टला ऊन दाखवल्याशिवाय मेलेलं म्हणायचं नाही, असा बुरांगीवर, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मेंढ्यांच्या रानावर, नियम होता. तो हेस्टरने, म्हणजे शहरातून जनावरांवर संशोधन करायला आलेल्या आमच्या डॉकने, केलेला असल्यामुळे मी सोडून सगळे तो पाळायचे. सगळे म्हणजे ती आणि माझी बायको डल्सी.

एकदा मी गोठलेली मटणाची चाप घेतली, कोळशाने तिला मिशा काढल्या, हेस्टरच्या सापळ्याच्या बादलीत नेऊन ठेवली आणि सकाळी बोंब मारली, "डॉक, धाव! केवढं धूड सापडलंय! पण गार आहे गं!"

हेस्टर आली. चाप उचलली, निरखली, स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या, म्हणजे आमच्याकडे ऊन येतं त्या भिंतीशी, बाकीच्या जनावरांच्या रांगेत ठेवली आणि म्हणाली, "नाडी मंद आहे. बघू." थोड्या वेळाने कुत्र्याने ती पळवली.

"बघ, उठून गेली," हेस्टर म्हणाली. तोंडावरची एक रेष हलली नाही. अशा बाईवर माणसाने जीव टाकावा नाही तर काय करावं?

डनार्ट म्हणजे अंगठ्याएवढा जीव. दिसायला उंदीर, पण त्याला उंदीर म्हटलं की हेस्टर जेवायची थांबते. कांगारूच्या गोतातला, सगळ्यात धाकटा म्हणा. पोटाला पिशवी, पिशवीत पोरं, आणि शेपूट गाजरासारखं फुगलेलं, कारण चरबी तिथे साठवायची. पाण्याला जन्मात तोंड लावलं नाही तरी चालतं. किडे खातो, किड्यांच्या अंगात जी काय ओल असेल ती त्याची विहीर. जुलै म्हणजे आमचा हिवाळा, त्या थंडीत पहाटे तर तो अंगातली शेगडीच विझवून टाकतो. हाताला दगडासारखा लागतो. मग ऊन आलं की बिळाच्या तोंडाशी येऊन पडायचं, फुकटात तापायचं, आणि तापलं की कामाला लागायचं. असा काटकसरी जीव मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे माझ्या घरात एक होता, पण ते पुढे.

हेस्टरचं काम या जीवाचा घरखर्च काढायचं. उन्हाळ्यात पाणी किती, सरपण किती, हिवाळ्यात किती. जमिनीत पुरलेल्या बादल्यांत तो रात्री पडायचा, सकाळी ती त्याला जड पाण्याची, म्हणजे रक्तात वेगळं ओळखू येणाऱ्या पाण्याची, सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायची आणि सोडून द्यायची. पुन्हा सापडला की पुन्हा थेंब. शहरातलं यंत्र सांगायचं, मधल्या काळात त्या पाण्यातलं किती गेलं, आणि त्यावरून किती जळलं. म्हणजे लघवीला किती वेळा गेलास हे विचारायची ही फारच शिकलेली पद्धत. मी हे तिला म्हटलं तर ती म्हणाली, "बरोबर आहे. फक्त तू विचारलंस तर तो सांगणार नाही."

गार पडलेले डनार्ट तापवायचं खातं डल्सीकडे. पत्र्याचं ताट, त्यावर जुन्या पायजम्याचं फलाटीण, त्यावर रांगेने हे पहुडलेले. ती शेजारी कॅनव्हासच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलायची आणि त्यांच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायची त्यापेक्षा गोड.

२

पाऊस येऊन एवढा काळ लोटला होता की मेंढ्या विकून टाकल्या होत्या आणि आम्ही दोघं नुसते राखणदार म्हणून उरलो होतो. प्यायचं पाणी पावसाचं, पन्हळी पत्र्याच्या टाकीतलं. आमच्याकडे माणूस सकाळी उठला की आधी टाकी वाजवतो, मग तोंड धुतो. बोटांच्या पेरांनी खालून वर ठोकत जायचं. पाणी आहे तिथे बद्द आवाज, आणि जिथून खणखण सुरू, तिथून रिकामं. सगळ्या मुलखात लोक एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणायच्या ऐवजी "कितव्या वळीवर?" म्हणून विचारतात. पत्र्याच्या वळ्या हो.

आमची चौथ्या वळीवर होती. आठवडाभराने ठोकली, तरी चौथ्या. त्यानंतरही चौथ्याच.

आता मी शाळेत फारसा टिकलो नाही, पण तीन माणसं पितात, धुतात, चहा उकळतात, तर वळी उतरायला हवी हे मला कळतं. मी टाकीला कान लावला. वर चढून झाकण उघडलं. दव पडत असेल म्हणावं तर छपराखालची पन्हळ कोरडी ठाक. हेस्टरने रात्री गुपचूप विहिरीचं खारं पाणी ओतलं असेल म्हणून चव घेतली. गोड.

"डल्सी," मी म्हटलं, "टाकी उतरत नाहीये."

"मग रड," ती म्हणाली.

"अगं, पण का उतरत नाही?"

"कारण घरात एकाला तरी अक्कल आहे." आणि तिने तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं टोमॅटोच्या झाडाला घातलं. पाणी असं वापरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. त्या बाबतीत मी आयुष्यभर तिच्यापुढे टोपी काढत आलो, आणि ती म्हणायची, टोपी घाल, डोकं धुवायला लागेल.

पण त्या दिवशी मला दिसलं की तिचा चहाचा कप भरलेलाच होता. त्यावर साय धरली होती. तिच्या ताटातली चाप तिने कापून कापून माझ्या ताटात सरकवली होती, आणि तरी बाई वाळलेली नव्हती. उलट गाल वर आले होते. कोपरापासचा दंड गुबगुबीत.

"डाएट की काय चाललंय तुझं?"

"तू खा की मेल्या. मोजतोस कशाला?"

मी खाल्लं. चाप चांगली होती.

३

आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपायचो. भांडण नाही, माझं घोरणं. मी व्हरांड्यात, ती मागच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या मोठ्या पलंगावर. एके सकाळी चुलीचा आवाज आला नाही म्हणून मी मागे गेलो.

ती कुशीवर होती. मी खांद्याला हात लावला आणि तो गारवा मला ओळखता आला. मी तो खांदा आधी हातात धरला होता, रोज सकाळी, बादलीतून काढून, अंगठ्याएवढा.

हेस्टर धावत आली. तोंडापुढे आरसा धरला, जबड्याखाली बोट ठेवलं. मला म्हणाली, "हॉरी, ही जर तुझी मस्करी असेल, तर मी तुला बादलीत पुरीन."

मी डल्सीचे पाय पांघरुणात सारले. माझ्याकडून कोटी येत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"विमानाने येणाऱ्या डॉक्टरला रेडिओवर बोलावते."

"तो येईल, आणि काय म्हणेल?"

"म्हणेल..." ती थांबली.

"त्याला नियम माहीत नाही, डॉक."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जगात दुसरी कुठलीही दोन माणसं असती तर त्यांनी चादर तोंडावरून ओढली असती आणि टोप्या काढल्या असत्या. आम्ही तिला खुर्चीत घातली, एका बाजूने मी, एका बाजूने हेस्टर, आणि स्वयंपाकघराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी नेऊन ठेवली. भिंत पत्र्याची, ऊन सरळ अंगावर. शेजारी त्या दिवशीचे डनार्ट फलाटणीवर. हेस्टरने डल्सीचे केस कपाळावरून मागे सारले, कान उन्हाला लागावेत म्हणून. डनार्टचे आधी कानच तापतात.

वेळ गेला. पत्रा तापून टक टक वाजायला लागला. एक डनार्ट थरथरला, बसला, मिशा पुसायला लागला. मग दुसरा. मी त्या चिमुकल्यांकडे असा बघत होतो जसा माणूस परीक्षेला बसलेल्या शेजारच्या पोराच्या पाटीकडे बघतो.

डल्सीच्या नाकपुड्या हलल्या.

तिने डोळे उघडले, ऊन बघितलं, मला बघितलं. "चूल पेटवलीस का?"

"नाही."

"मग तिघं जण मिळून काय बघत बसलाय?"

हेस्टर रडत होती, हसत होती, दोन्ही. मी तर नाचलो. तेव्हा आम्ही दोघंच उभे होतो हे मला दुपारी भांडी विसळताना आठवलं. मग म्हटलं, झोपेतून उठलेलं माणूस, चुकतं मोजायला.

४

त्यानंतर तेच रोजचं झालं. पहाटे गार, उन्हात उठायची, दिवसभर कामाला घोडी, आणि अंधार पडायच्या आत खोलीत. तिने ते असं पचवलं जसं कुणी चष्मा लागल्याचं पचवतो. "वय झालं, हॉरी. रात्रभर शेगडी पेटती ठेवणं परवडत नाही मला." तब्येत अशी की बघत राहावं. केसांना तकाकी. मी तिला म्हटलं, तुझं शेपूट कुठे लपवलंयस ते तरी दाखव. तिने मला लाटण्याने हाणलं. तो हात चांगलाच गरम होता.

सुई टोचायची कल्पना तिचीच. "माझाही घरखर्च काढ की," ती हेस्टरला म्हणाली. "या म्हाताऱ्याला कळू दे, घरात उधळ्या कोण आहे ते."

रक्ताच्या कुप्या टपालाच्या ट्रकने शहरात गेल्या. उत्तर रेडिओवर आलं. आता आमचा रेडिओ म्हणजे चावडी. इकडे एक माणूस बोलतो आणि तिकडे सात घरं चहा घेऊन ऐकतात. म्हणून हेस्टर सांभाळून बोलत होती, आणि शहरातला, यंत्रावरचा पोऱ्या मात्र बिनघोर.

"हा कुठला प्राणी पाठवलास? ओव्हर."

"मोठा आहे. मादी. आकडा काय? ओव्हर."

"काहीतरी चुकलंय तुझं. पाणी जवळजवळ गेलंच नाहीये. जळलंय ते इतकं कमी, की एकट्याने झोपणाऱ्या जनावराचं असूच शकत नाही. अंगाला अंग लावून, खर्च वाटून घेतला तरच जमेल असा आकडा आहे. कुणाबरोबर झोपते ही? ओव्हर."

मध्येच शेजारच्या रानातल्या मर्वने तोंड घातलं, "बुरांगीवर कोण कुणाबरोबर झोपतं, पुन्हा सांगा, खरखर येतेय! ओव्हर!"

मीही हसलो. हेस्टर हसली नाही. तिने रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"तू व्हरांड्यातच झोपतोस ना अजून?"

"मग? घोरणं ऐकू येत नाही काय तुला?"

"येतं," ती म्हणाली.

मी दुपारी डल्सीच्या खोलीत गेलो. माणसाचं डोकं आधी साधं कारण शोधतं. कुत्रा जाऊन झोपत असेल. पलंगावर कुत्र्याचा एक केस नव्हता. गादी नवी नव्हती, जुन्या गादीला खळगे पडतातच. मधला खळगा डल्सीचा. भिंतीकडचा माझा, मी झोपत होतो तेव्हाचा, म्हटलं इतकी वर्षं टिकला. मग आठवलं, मी कधीच भिंतीकडे झोपलो नाही. मला रात्री उठावं लागतं.

मी गादी थोपटून खळगा भरून काढला आणि बाहेर येऊन लाकडं फोडली. गरज नव्हती तरी फोडली.

५

आणि मग ज्याच्यासाठी सगळा मुलूख आभाळाकडे बघून डोळे फोडत होता, ते आलं. नैर्ऋत्येकडून, निळं-काळं, जमिनीला टेकलेलं. मर्व रेडिओवर गात होता. लोकांनी छपरांच्या पन्हळी झाडून ठेवल्या. मी अंगणात उभा राहून त्या ढगाला अशा शिव्या दिल्या की कोणी ऐकलं असतं तर मला बांधून ठेवलं असतं.

सकाळ झाली ती झालीच नाही. राखाडी उजेड, पत्र्यावर धो धो. डल्सी आत गार. आम्ही तिला खुर्चीत घालून भिंतीशी नेलं, वरून पाण्याच्या तुळया पडत होत्या, तसंच परत आणलं.

"चुलीपाशी ठेवू," मी म्हटलं.

"नाही. चुलीपाशी ठेवलेले दोन डनार्ट माझ्या हातात गेलेत. एका अंगाने भाजतं आणि दुसऱ्या अंगाला कळत नाही. ऊन हवं, नाहीतर अंग."

"थांबलो तर?"

"चरबी आहे तोवर धरून राहील. पण आतली ठिणगी पेटवायलाच सगळ्यात जास्त खर्च येतो, हॉरी. उठायला उशीर झाला तर उठण्यापुरतंही उरत नाही."

हे ती मला पुस्तकातलं सांगत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुसरा दिवसही तसाच उजाडला, आणि डल्सीचा दंड, तो गुबगुबीत दंड, माझ्या मुठीत मावायला लागला. बाहेर टाकी भरून वाहत होती.

"अंग म्हणजे?" मी विचारलं.

"थंडीत ते एकमेकांना चिकटून झोपतात. नर-मादी, आई-पोर, असं काही नाही. अनोळखीसुद्धा. मी एकदा फळीखाली एकाला उचलला, तर त्याला बिलगून साधा घरातला उंदीर झोपला होता. वैरी खरं तर. पण थंडीत कोण विचारतो?"

मी बूट काढले. "घोरलो तर तिला सांग, तुझंच औषध होतं."

हेस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तो जरा घट्ट झाला. "हॉरी," ती म्हणाली, "भिंतीकडून नको शिरूस. अलीकडून शीर."

६

दुपार होती, पण खोलीत संध्याकाळचा रंग. छताच्या पत्र्यावर पाऊस एवढा की बाकी सगळं त्याच्या मागे दडलेलं. मी पांघरुणात शिरलो आणि डल्सीला पोटाशी धरलं. दगडी ओट्यावर झोपल्यासारखं. मी तिच्या मानेत तोंड घातलं आणि तिला तो किस्सा सांगायला लागलो, पाद्रीबाबाच्या टोपीत मी कोंबडीचं अंडं ठेवलं होतं त्याचा. लग्नाआधी याच किश्शावर ती पहिल्यांदा हसली होती. आता तिला श्वास आला तो एकदा, लांब. मग बराच वेळ काही नाही. मग माझा. मग तिचा.

आणि मग त्या दोन्हींच्या मध्ये एक.

पन्हळीतून पाणी गळत असेल. पडदा हलत असेल. कुत्रा! कुत्रा आला असणार पलीकडून. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला शिवी दिली. तेवढ्यात कुत्रा बाहेर व्हरांड्यात भुंकला.

डल्सीच्या पलीकडे, भिंतीकडे, पांघरूण जरा उंच होतं. उशी असेल तेवढं. ते वर होत होतं आणि खाली होत होतं, अगदी सावकाश, जणू त्यालाही खर्च झेपत नव्हता.

उठून पळावं, हा पहिला विचार. पण उठलो असतो तर पांघरूण उघडलं असतं आणि माझी ऊब निघून गेली असती, डल्सीची. ती जेमतेम आली होती. तिच्या पाठीचा मणका माझ्या छातीला आता दगडासारखा लागत नव्हता, भिजलेल्या लाकडासारखा लागत होता. एवढ्यावर जगात कुणी उठून गेला असेल तर त्याची बायको माझ्या डल्सीसारखी नसणार.

पलीकडून गार हवा येत होती, पांघरूण तिकडे कुठेतरी उघडं असावं. मी तिच्यावरून हात पलीकडे नेला, काठ ओढून घ्यायला. काठ आधीच कोणीतरी धरलेला होता.

कोरडा हात होता. हलका. त्याने ओढलं नाही, झटकलं नाही. माझा हात तिथे गारठतोय हे त्याला कळलं असावं. त्याने काठ उचलला, माझ्या हातावरून घातला आणि नीट खाली दाबून दिला, लहान पोराचं दाबतात तसा.

मी हात तिथेच राहू दिला. आणि खरं सांगतो, ऊब आली.

७

डोळे उघडले तेव्हा समोर सगळं पिवळं होतं. पत्रा पाठीमागे टक टक वाजत होता. मी खुर्चीत होतो, उत्तरेच्या भिंतीशी, गळ्यापर्यंत पांघरूण, आणि माझे कान तापलेले. अंगणातली खारट झुडपं धुऊन निघाली होती आणि जमिनीतून वाफ येत होती. शेजारच्या खुर्चीत डल्सी. ती वाटाणे सोलत होती.

"घोरत नव्हतास," ती म्हणाली. "मला वाटलं गेलास."

मी तिचा हात धरला. गरम, आणि शेंगांनी हिरवा झालेला. मी तो सोडला नाही आणि तिने चक्क सोडवून घेतला नाही, एका हाताने सोलत राहिली.

हेस्टर पायरीवर बसली होती. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली. ती तळहात पँटला पुसत होती, थांबत होती, आणि पुन्हा पुसत होती.

"एकटीने आणलंस आम्हाला?" मी विचारलं.

"ढग फाटले तशी आत आले. सगळेच गार होतात." तिने पुन्हा तळहात पुसला. "आधी डल्सीला आणलं. मग तुला. तू फार जड आहेस, हॉरी, खाणं कमी कर."

"आणि मग?"

तिने मानेने पलीकडे दाखवलं. मग मला डल्सीच्या पलीकडची तिसरी खुर्ची दिसली. हेस्टरच्या तंबूतली. तिच्यावर घोंगडी होती, वरपर्यंत ओढलेली, आणि खालचं कॅनव्हास ताणलेलं. फार नाही. एखादं पोर बसावं तेवढं, किंवा एखादं खूप म्हातारं माणूस.

"डॉक," मी हळूच म्हटलं, "काय आहे ते?"

"मी बघितलं नाही. डोळे मिटून उचललं." ती पायरीवरून हलली नव्हती, पहारा द्यावा तशी बसली होती. "पण ते गार होतं. आणि मी नियम केला तेव्हा कुणासाठी आणि कुणासाठी नाही, असं म्हटलं नव्हतं."

सांगतो, मी पुष्कळ धीट माणसं पाहिलीत, बैलासमोर उभी राहणारी, पुरात घोडा घालणारी. त्या पोरीपुढे सगळी पाणी कम.

मी खुर्चीतून अर्धवट उठलो. घोंगडीचं टोक माझ्या हाताच्या अंतरावर होतं. आयुष्यभर मी लोकांच्या अंगावरची पांघरुणं ओढत आलोय, आणि एवढं जवळ, एवढं सोपं टोक मला कधी मिळालं नव्हतं. घोंगडीखाली काहीतरी थरथरलं, बारीक, आतून, तापायला लागल्यावर थरथरतं तसं.

डल्सीने शेंगेतून डोळे वर केले नाहीत.

"हॉरी, बस खाली," ती म्हणाली. "त्याच्यावर सावली पडतेय तुझी."

मी बसलो. मग उठून खुर्चीच मागे सरकवली, अजून थोडी, ऊन त्या घोंगडीवर पूर्ण पडेपर्यंत.